माणसाची झडप की गाईची? कोणती जास्त टिकते?

नीलाक्षी (सोमवार, रात्री १०.१२)

प्रश्न धाकट्या भावाबद्दल आहे. वय २९, मुक्काम नाशिक. हृदयातून महाधमनी निघते तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, याला जन्मापासून दोनच. शंभरात एक-दोघांना असतं म्हणे असं, आणि कित्येकांना साठीपर्यंत पत्ताही लागत नाही. याला मात्र हरिहरच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब, मागे मित्र होता. टूडी ईकोत कळलं की झडपेवर कॅल्शियम साचून ती पार आक्रसली आहे. बदलायलाच हवी.

सर्जन म्हणाले, धातूची बसवली तर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीची बसवली तर गोळी नाही, पण काही वर्षांनी पुन्हा बदलायची. आणि मग उठता उठता म्हणाले, "तशी होमोग्राफ्टही असते, मृत दात्याच्या हृदयातून काढलेली. पण मिळेलच असं नाही."

आईने नेमकं तेवढंच धरून ठेवलंय. "माणसाची मिळत असेल तर जनावराची कशाला? माणसाला माणसाचंच मानवणार ना?" खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं.

तर दात्याची झडप खरंच जास्त टिकते का? इथे कोणाला बसवली आहे? किती वर्षं झाली? (गूगल करूनच आले आहे, त्यामुळे "गूगल कर" असं कोणी म्हणू नये.)

चहाटळ (सोमवार, रात्री १०.३०)

शीर्षकात गाय दिसली म्हणून राजकारणाचा धागा समजून भडंग घेऊन बसलो होतो. माफी. भावाला शुभेच्छा. वाचतोय.

सातारी_कंदी (सोमवार, रात्री ११.०५)

नीलाक्षीताई, माझी धातूची आहे, २००१ पासून. लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे, कोणी मनावर घेतलं नाही. त्या तापाने झडप खाल्ली. बसवलेली झडप त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली. डॉ. वलियाथन यांच्या चमूने ती तयार केली आणि पहिली १९९० साली बसवली गेली. आतली तबकडी एका प्रकारच्या प्लॅस्टिकची, म्हणून आवाज कमी. तरी रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीत टकटक ऐकू येते. माझ्या वॉर्डातल्या मित्राची परदेशी होती, तिचा आवाज खणखणीत. त्याच्याशी रमी खेळायला मजा यायची, कारण हातात चांगली पानं आली की टकटक वाढायची. बिचारा कायम हरला.

झडपेने इतक्या वर्षांत काही त्रास दिला नाही. त्रास गोळीचा. ॲसिट्रॉम रोज रात्री, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) दर महिन्याला. लग्नाच्या हंगामात जेवणं वाढली की आकडा इकडे, मेथी-शेपू जास्त झाली की आकडा तिकडे. एकदा दात काढायच्या आधी गोळी किती दिवस बंद ठेवायची यावर दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि मी मधल्या मधे पॅरालिसिसच्या दारातून परत आलो. गडावर घसरून डोकं आपटणाऱ्या माणसाला ही गोळी, याचा विचार करा. एवढंच.

मुक्ता_७१ (मंगळवार, सकाळी ७.४८)

आईचं बरोबर आहे. माणसाची झडप जिवंत असते, ती शरीरात मिसळून जाते. माझ्या मावसजावेला दिल्लीत बसवली होती, अठरा वर्षं झाली, काही नाही. जनावराची मेलेली, रसायनात बुडवलेली. फरक असणारच.

पंपवाला (मंगळवार, दुपारी २.२०)

मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रियेत हृदय थांबवतात तेव्हा पेशंटला जगवणारं यंत्र असतं, ते चालवायचो. मुंबईत सव्वीस वर्षं. त्यामुळे झडपा बसवतानाही पाहिल्या आणि दहा-पंधरा वर्षांनी काढतानाही पाहिल्या. काढलेली झडप पाहिली की माणूस फार ठाम बोलायचं सोडतो.

मुक्ताताई, "जिवंत" हा शब्द जरा सैल आहे. दात्याचं हृदय ठरावीक तासांत काढतात. प्रत्यारोपणाला चालणार नाही असं हृदयही झडपेसाठी चालतं. झडप सोडवून प्रतिजैविकांच्या द्रावणात ठेवतात, मग गोठू नये अशा द्रावणात घालून हळूहळू, मिनिटाला साधारण एक अंश अशा बेताने थंड करत नेतात, आणि शेवटी द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवतात. नायट्रोजनचं तापमान उणे १९६. तिथे ती वर्षानुवर्षं राहते. बसवायच्या दिवशी कोमट सलाइनमध्ये वितळवतात. या सगळ्यातून काही पेशी जगतात हे खरं. पण नव्या शरीरात गेल्यावर त्याही हळूहळू संपतात. उरतो तो कोलॅजनचा सांगाडा. त्याला डागडुजी करणारं कोणी नसतं आणि दिवसाला लाखभर वेळा उघडमीट चालूच. वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. घराचं बिजागर टिकेल का एवढं?

आणि शरीराला ती आपली वाटत नाही, म्हणून तर प्रतिपिंडं तयार होतात. नकार रोखायची औषधं देत नाहीत, कारण गरज पडत नाही, पण म्हणून शरीर गप्प बसलेलं नसतं.

आता मूळ प्रश्न. माणसाची झडप गाईच्या झडपेपेक्षा जास्त टिकते का? महाधमनीच्या जागी, मोठ्या माणसात: नाही. निदान भरवसा ठेवण्याइतकी नाही. क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी २००६ साली साठीच्या आतल्या-बाहेरच्या रुग्णांत दोन्हींची तुलना छापली, टिकण्यात सांगण्यासारखा फरक सापडला नाही. वर माणसाची झडप बसवायला अवघड आणि काढायला त्याहून अवघड. धमनीच्या भिंतीसकट बसवलेली असेल तर पंधरा वर्षांनी ती भिंत अंड्याच्या टरफलासारखी कडक झालेली असते. सर्जनच्या चिमट्याचा आवाज आम्हाला यंत्रापाशी ऐकू यायचा.

मग ती वापरतात कशाला? झडपेला जंतुसंसर्ग होऊन मुळाशी गळू झालं असेल तेव्हा तिच्यासारखी सोयीची वस्तू नाही. मऊ, कृत्रिम कापड कमीत कमी. आणि दुसरी जागा म्हणजे फुप्फुसधमनी. तिथे रक्ताचा दाब कमी, म्हणून झडप जास्त जगते. तीच झडप, फक्त खोली बदलली.

ऑकलंडकर (मंगळवार, दुपारी ४.१५)

पंपवाला, मस्त प्रतिसाद. थोडा इतिहास, कारण आमच्या गावाचा संबंध आहे.

जुलै १९६२ मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयात डोनाल्ड रॉस यांनी दात्याची झडप पहिल्यांदा महाधमनीत तिच्या मूळ जागी बसवली. पुढच्याच महिन्यात इथे ऑकलंडच्या ग्रीन लेन रुग्णालयात ब्रायन बॅरट-बॉइज यांनी तेच केलं, एकमेकांचा पत्ता नसताना. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत स्टार आणि एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप आली होती, पण गुठळ्यांची भीती होती. माणसाच्या झडपेला ती भीती नाही, म्हणून सगळे खूश.

मग निर्जंतुक करायला कोणी झडपा किरणांनी भाजल्या, कोणी रसायनात ठेवल्या, कोणी गोठवून वाळवल्या. त्या काही वर्षांत फाटल्या. तेव्हा कळलं की प्रश्न "माणसाची की कोणाची" एवढाच नाही, मधल्या काळात तिचं काय केलं हाही आहे. नुसत्या प्रतिजैविकात ठेवलेल्या जास्त चालल्या. १९७५ पासून ब्रिस्बेनला मार्क ओब्रायन गोठवलेल्या वापरू लागले.

बॅरट-बॉइज २००६ साली गेले. झडपेच्याच शस्त्रक्रियेनंतर.

चहाटळ (मंगळवार, दुपारी ४.२२)

शेवटचं वाक्य वाचून भडंग खाली ठेवलं.

हिशेबनीस (मंगळवार, रात्री ९.०१)

ओब्रायन यांचं नाव निघालंच आहे तर. त्यांच्या गटाने २००१ साली १,०२२ झडपांचा २९ वर्षांचा हिशेब मांडला होता. जवळजवळ एकही रुग्ण नजरेआड होऊ दिला नाही, हे मला आकड्यांपेक्षाही थोर वाटतं. आपल्याकडे पेशंटचा मोबाइल नंबर वर्षात बदलतो.

झडप झिजल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही, असे लोक १५ वर्षांनी किती? शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० पर्यंत असलेल्यांत ४७ टक्के. २१ ते ४० मध्ये ८५. ४१ ते ६० मध्ये ८१. साठीच्या पुढे ९४.

म्हणजे "झडप किती टिकते" हा प्रश्नच अर्धा आहे. कोणात टिकते, हे विचारायला हवं. तरुण शरीर तिच्यावर कॅल्शियम भराभर चढवतं. ज्याला जास्त वर्षं हवीत त्यालाच ती कमी देते. जनावराच्या झडपेचंही तेच.

दोन सावधानतेच्या गोष्टी. एक, "पुन्हा शस्त्रक्रिया झाली नाही" म्हणजे "झडप ठणठणीत" नव्हे. ऐंशीच्या आजोबांची झडप गळत असेल तरी त्यांना कोणी टेबलावर घेत नाही, ते यशस्वी गटातच राहतात. दोन, जो मधेच दुसऱ्या कारणाने गेला त्याची झडप तिथेच हिशेबातून बाहेर पडते. ती पुढे बिघडली असती की नाही, देव जाणे. आणि ८५ आणि ८१ च्या फरकातून कोणी सिद्धांत काढू नये, प्लीज.

मुक्ता_७१ (मंगळवार, रात्री ९.३०)

पण मावसजावेची अठरा वर्षं खोटी का?

हिशेबनीस (मंगळवार, रात्री ९.३४)

अजिबात नाही. पण धाग्यावर त्याच येतात ज्यांची चांगली चालली. दुसऱ्या कोणाची जाऊ येणार नाही सांगायला.

अवंती_पुणे (बुधवार, सकाळी ६.१०)

मी येते सांगायला.

मुलगा जन्मतः निळा. पाचव्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया, फुप्फुसधमनीच्या वाटेवर दात्याची झडप असलेली नळी बसवली. तेव्हा आम्हाला कोणी "किती वर्षं" हे स्पष्ट सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या दिवशी कानात शिरलं नसतं. बाहेर बाकावर बसून मी एकच विचार करत होते की कुठल्या तरी घरात त्याच आठवड्यात रडारड झाली असेल.

झडप छान चालली. मुलगा मोठा झाला, पण झडप मोठी होत नाही ना. पाच वर्षांच्या मुलाला बसणारी नळी तेराव्या वर्षी अपुरी पडते. वर कॅल्शियम. आठ वर्षांत बदलावी लागली. या वेळी छाती न उघडता मांडीच्या शिरेतून वर नेऊन जुन्या नळीच्या आतच नवी झडप फुलवली. ती गाईच्या मानेतल्या शिरेची. आता एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात ढोल वाजवतो, मी खिडकी लावून घेते.

आठ वर्षं म्हणजे अपयश का? मला नाही वाटत. तेवढ्या वर्षांत ती मांडीतून बसवायची पद्धत आमच्यापर्यंत पोचली. वेळ विकत घेतला आम्ही.

सातारी_कंदी (बुधवार, सकाळी ८.००)

अवंतीताई, ढोलासाठी खिडकी लावू नका.

रानवाटा (बुधवार, सकाळी ११.४०)

थोडं अवांतर. गाईची झडप म्हणतात ती गाईची झडप नसतेच. हृदयाभोवती जी पिशवी असते, तिच्या पातळ पडद्यातून पाकळ्या कापून चौकटीवर शिवतात. डुकराची मात्र बहुधा खरीच झडप. दोन्ही ग्लुटारअल्डिहाइडमध्ये मुरवतात. कातडं कमावण्यासारखंच म्हणा, त्याने शरीर तिला लवकर ओळखत नाही. ही युक्ती पॅरिसच्या कार्पांतिए यांची, १९६० च्या दशकातली. पण तेच रसायन पुढे कॅल्शियमला बोलावतं.

आमच्या आजोबांना पडद्याची बसवली. माळकरी माणूस. त्यांनी सर्जनला विचारलं, "गाय कशाने गेली?" सर्जन गप्प. आजोबा म्हणाले, "बरं, बसवा. तिचं दूध प्यायलोच की जन्मभर." अकरा वर्षं वारी केली त्यानंतर.

एकलव्य_००७ (बुधवार, दुपारी १२.०५)

गाईचे अवयव असे सर्रास वापरले जातात आणि कोणाला काही वाटत

संपादक (बुधवार, दुपारी १२.५१)

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरचे १४ प्रतिसाद काढले आहेत. धागा एका रुग्णाच्या घरच्यांनी काढला आहे. विषयाला धरून लिहावे.

चहाटळ (बुधवार, दुपारी १.१०)

विषयाला धरूनच: अरनॉल्ड श्वार्झनेगर! त्याचीही दोनच पाकळ्यांची झडप. १९९७ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा फुप्फुसधमनीच्या जागी बसवलेली झडप २०१८ मध्ये बदलली. एकवीस वर्षं! शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य म्हणे "आय ॲम बॅक". त्याच्या दंडाला रक्त पुरवून एकवीस वर्षं, म्हणजे आपल्यात चाळीस धरा.

पंपवाला (बुधवार, रात्री १०.४५)

चहाटळ, तुम्ही चेष्टेत मुद्द्यावर आलात. त्याची रॉस शस्त्रक्रिया होती, आणि नीलाक्षीताईंच्या भावासाठी मला तेच सुचवायचं होतं. वर ज्या डोनाल्ड रॉसचा उल्लेख आला त्यांनीच १९६७ साली काढलेली वाट. महाधमनीची बिघडलेली झडप काढायची, रुग्णाची स्वतःची फुप्फुसधमनीची झडप तिथे बसवायची, आणि तिच्या रिकाम्या जागी दात्याची. म्हणजे जास्त दाबाच्या कामावर स्वतःची जिवंत झडप, हलक्या कामावर पाहुणी. मोठ्या माणसात त्या हलक्या जागी दात्याची झडप वीस वर्षांनंतरही बहुतेकांची चालू असते.

लंडनला मॅग्दी याकूब यांच्या दोनशेवर रुग्णांत चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. अर्ध्यांना महाधमनीत दात्याची, अर्ध्यांना रॉस. दहा वर्षांनी दात्याच्या झडपेवाल्यांत ८३ टक्के हयात, रॉसवाल्यांत ९७. हे २०१० साली छापून आलं. आईंना हेच सांगा: "माणसाची" नव्हे, "स्वतःची" मानवते.

आता दुसरी बाजू, नाहीतर हिशेबनीस पकडतील. एका झडपेच्या आजारात दोन झडपांना हात लागतो. स्वतःची झडप नव्या जागी ताणून सैल पडू शकते. ज्याने महिन्याला एखादी रॉस केली नाही त्याच्याकडून करून घेऊ नये. आणि सातारी काकांसारखा तापाचा आजार असेल तर तरुणांत नको. एम्सच्या डॉक्टरांनीच नव्वदच्या दशकात लिहिलं की तो ताप हलवलेल्या झडपेलाही गाठतो.

हिशेबनीस (बुधवार, रात्री १०.५८)

पकडणारच होतो. एका निष्णात सर्जनचे आकडे म्हणजे सगळ्यांचे आकडे नव्हेत. बाकी सहमत.

कोकणी_मेवा (गुरुवार, सकाळी ९.२५)

यात देणाऱ्याबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहिते. वडील गेले तेव्हा नेत्रदान केलं. झडपाही देता येतात हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. कायद्यात ऊतींचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला हे नंतर वाचलं. हृदय बंद पडल्यावरही काही तासांत झडपा काढता येतात, पण त्या काढून घ्यायला येणारी आणि साठवणारी झडपपेढी जवळ हवी ना. नीलाक्षीताईंच्या सर्जनना "मिळेलच असं नाही" म्हणावं लागतं ते यामुळे.

ऑकलंडकर (गुरुवार, सकाळी १०.००)

+१. आणि लहान मुलांच्या मापाच्या तर जगभर कमी. अवंतीताईंसाठी एक: २०२२ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एका नवजात बाळाला गोठवलेल्या नव्हे, ताज्या जिवंत झडपा बसवल्या, आणि प्रत्यारोपणानंतर देतात तशी नकार रोखायची औषधं, पण कमी मात्रेत, चालू ठेवली. त्या झडपा बाळाबरोबर वाढताना दिसल्या.

अवंती_पुणे (गुरुवार, सकाळी १०.२०)

वाचलं. दोनदा वाचलं.

नीलाक्षी (पुढचा बुधवार, रात्री ११.३०)

धागा वर काढते. सगळ्यांचे प्रतिसाद भावाला वाचून दाखवले. रमीच्या किश्श्यावर तो इतका हसला की आई ओरडली.

काल तुमचे प्रश्न वहीत लिहून गेलो. सर्जन आधी जरा वैतागले, मग खुर्ची पुढे ओढून बसले. महाधमनीत थेट दात्याची झडप बसवायला त्यांनी नाही म्हटलं, कारण पंपवाला काकांनी दिलं तेच: या वयात पंधरा वर्षांनी कडक झालेली भिंत सोडवायची वेळ येईल. रॉससाठी बघायचं तर महाधमनीचं मूळ रुंदावलेलं नाही, तापाचा आजार नाही, म्हणजे बसण्यासारखं आहे. पण ते स्वतः करत नाहीत. त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका सर्जनचं नाव दिलं. ते दात्याची झडप मापात मिळाली तर करतील. नाही मिळाली तर हलक्या जागी गाईचीच. आईला हे ऐकून बसायला लागलं. शेवटी गाय आलीच.

मी विचारलं, "वर्षं किती धरायची?" ते म्हणाले, "साठीच्या आत निदान एकदा परत यावं लागेल असं धरूनच निर्णय घ्या. त्या वेळी मांडीतून झालं तर नशीब." भाऊ म्हणाला, "चालेल." मग दुसरा प्रश्न विचारला: हरिहर कधी?

सातारी_कंदी (गुरुवार, सकाळी ६.४५)

काय म्हणाले?

नीलाक्षी (गुरुवार, सकाळी ७.०२)

"आधी जिने."

चहाटळ (गुरुवार, सकाळी ७.१०)

गोळी नाही म्हणजे मेथी चालणार?

नीलाक्षी (गुरुवार, सकाळी ७.१५)

त्याला आवडत नाही.